अठ्ठेचाळीस मिनिटं आणि एक लाथ

"लाथ! दाराला लाथ मारतोय मी! हे बघ, परत मारली!"

चावीवाल्याने मोबाइल बायकोच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक दणकट नट धावत येत होता, हवेत उडत होता, आणि त्याच्या एका लाथेसरशी दार बिजागऱ्यांसकट आडवं होत होतं. मग धूर, रडणारी मुलं, छातीत धडधड होईल असं संगीत आणि शेवटी मोठी अक्षरं : 'सत्यकथेवर आधारित. लवकरच.'

"छान दिसतोय की," बायको म्हणाली.

"कोण?"

"तो."

चावीवाला भडकला. तो भडकला की समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून ऐकत असे, कारण नाहीतरी मशीनचा आवाज ऐकू येत नसे. घरी, दुकानात, फोनवर, सगळीकडे त्याची एकच पट्टी होती. पण या खेपेला त्याचा राग रास्त होता, हे कबूल करायला हवं.

खरी गोष्ट अशी. बारा वर्षांपूर्वी एका पाळणाघरात अकरा पोरं एका खोलीत अडकली होती. बाई क्षणभर बाहेर आल्या, वाऱ्याने दार लागलं, आणि आतल्या कुणा पराक्रमी बाळाने लॅचची खिट्टी फिरवून ठेवली. बाईंची चावी बाहेरून फिरेना. खिडक्यांना गज, आत शेगडीवर दूध. धावून आलेला प्रत्येक जण 'दार तोडा' म्हणून ओरडत होता. चावीवाला म्हणाला, "पोरं दाराला चिकटून उभी आहेत. दार कोणाच्या डोक्यावर पाडू?" मग त्याने सगळ्यांना जिन्याखाली पिटाळलं आणि एकट्याने, दाराला कान लावून, अठ्ठेचाळीस मिनिटांत लॅच उघडलं. दूध करपलं, पोरांना ओरखडासुद्धा आला नाही. आयुष्यात अभिमान वाटावा असं हे एकच काम त्याच्या खाती होतं, आणि त्याचीच लाथ केली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्याला जगणं नकोसं झालं. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "उघडायचे किती आणि लाथेचे किती?" दुपारी एक शिक्षिका रडवेली होऊन आली. तिच्या नवऱ्याने टीझर बघून स्वतःच्याच बाथरूमच्या दारावर प्रयोग केला होता. दार जागच्या जागी होतं, नवऱ्याचा अंगठा नव्हता. संध्याकाळपर्यंत अशी तीन दारं झाली. लाथ खाल्लेलं लॅच आतून वाकतं, ते धड उघडत नाही आणि धड लागत नाही.

"उद्या एखाद्या दारामागे खरंच पोर उभं असेल," चावीवाला गरजला, "आणि बाप माझं नाव घेऊन लाथ मारेल! चल, ऊठ. जाब विचारायचाय."

"मी कशाला?"

"तू साक्षीदार."

"मी कुठे होते तेव्हा? मला तर तुम्ही जिन्याखालीसुद्धा उभं केलं नव्हतं."

तरी ती गेली. तिला तो नट बघायचा होता.

शूटिंग एका बंद पडलेल्या गोदामात चाललं होतं. दिग्दर्शिका म्हणजे तिशीतली, शांत चेहऱ्याची मुलगी. कथा ऐकायला हीच घरी आली होती, दोन दिवस वही भरून लिहून घेत होती, तेव्हा आता चावीवाल्याने तिला थेट दमच भरला.

"वहीत लाथ लिहायला सांगितली होती का मी?"

"काका, 'आधारित' म्हटलंय ना आपण. अठ्ठेचाळीस मिनिटं लोक तुमची पाठ बघत बसतील का?"

"अकरा आया जिन्याखालून बघत बसल्या होत्या! त्यांनी तिकीट पण काढलं नव्हतं!"

मुद्दा दिग्दर्शिकेला लागला असावा. "बरं," ती म्हणाली, "आमच्या हिरोला दाखवा तरी, लॅच कसं उघडतात ते. जमलं तर बघू."

पाळणाघराची खोली हुबेहूब उभी केली होती. पिवळी भिंत, बुटक्या खुर्च्या, दाराला खरंखुरं लॅच. आत चार लहान मुलं तालमीला बसली होती आणि चावीवाल्याकडून मागून घेतलेली हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन नट एकेक आकडा उलटसुलट करून बघत होता. चावीवाल्याने दार पाहिलं आणि धंद्याची सवय उफाळून आली. कुठलंही लॅच दिसलं की तो आधी दार ओढून बघायचा, खटका नीट बसतोय का ते. त्याने दार ओढलं. खटका फारच छान बसला.

"उघडा आता," तो बाहेरून ओरडला.

आतून खाटखूट ऐकू आली. मग नटाचा आवाज आला, "काका, ही खिट्टी फिरवायची असते की ओढायची?"

"हात लावू नकोस!"

"तुटली."

आतलं एक मूल रडायला लागलं. एकाचं बघून दुसरं. चावीवाल्याने हत्यारांसाठी मागे हात केला, तेव्हा त्याला आठवलं की पिशवी आत आहे.

"पिन दे," तो बायकोला म्हणाला. तिने पदराची पिन काढून दिली. तो गुडघ्यांवर बसला, दाराला कान लावला, आणि मग बायकोने जो आवाज ऐकला तो कोणाचा आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

"बाळांनो," तो आवाज म्हणाला, "रडू नका हं. चुकलं माझं. मीच दार ओढलं. रागावलात माझ्यावर?"

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. "हो."

"रागवायलाच हवं. आता एक काम करा, राजा. भिंतीपाशी जाऊन बसा आणि मला सांगा, कोणाच्या मोज्यांचा रंग काय? हळू सांगा. या लॅचमध्ये एक आजोबा झोपलेत, त्यांना न दचकवता उठवायचंय."

"माझे लाल! सोनूताईचे नाहीत!"

"अरे वा. लाल मला फार आवडतो. आणि सोनूताईचे?"

चावीवाल्याला एक गोष्ट माहीत नव्हती. सिनेमातल्या खोलीला तीनच भिंती असतात. चौथ्या बाजूने मुलांना कधीच उचलून नेता आलं असतं. दोन माणसं न्यायला गेलीही होती, पण मुलं उठेनात. त्यांना आजोबा उठतात का ते बघायचं होतं. दिग्दर्शिकेने ओठांवर बोट ठेवलं, कॅमेरा चावीवाल्याच्या पाठीवर आणवला, आणि गोदामातली साठ माणसं श्वास रोखून उभी राहिली.

छत्तिसाव्या मिनिटाला खटका पडला. चावीवाल्याने दार बोटभर उघडलं, आधी दारामागे कोणी नाही ना ते पाहिलं, मग पूर्ण उघडलं. समोर चार मुलं होती, नट होता आणि पलीकडे, भिंत असायला हवी तिथे, चहाची गाडी उभी होती.

"हे काय?" त्याची मूळ पट्टी परत आली. "ही खोली उघडीच होती? मला उल्लू बनवलंत?"

"काका," दिग्दर्शिकेचे डोळे भरले होते, "लाथ काढून टाकते. हेच ठेवते, सगळं. त्या दिवशी असंच बोलला होतात ना तुम्ही?"

"असंच!" तो गरजला. "शब्दन् शब्द असाच! खरं ते दाखवा म्हणून तर घसा फोडतोय!"

जिंकल्याच्या तोऱ्यात त्याने बायकोकडे वळून पाहिलं. ती तिथे नव्हती. शिंपिणीने तोंडात टाचणी धरावी तसे ओठ घट्ट मिटून ती गेली, असं चहावाल्याने सांगितलं, आणि नटाकडे तिने बघितलंही नव्हतं.

तो घरी पोचला तेव्हा दार बंद होतं. त्याने किल्ली लावली, ती फिरली, दार मात्र हललं नाही. आतून कडी होती. कडीपुढे कुठल्याही चावीवाल्याचं काही चालत नाही.

"अगं, उघड!"

"एकतीस वर्षं," आतून आवाज आला. "एकतीस वर्षं मला वाटत होतं, या माणसाचा गळाच तसा आहे, बिचारा काय करणार. आणि येतं की तुम्हाला! 'चुकलं माझं' म्हणता येतं, 'रागावलात का' विचारता येतं! परक्याच्या पोरांना! मी काय घोडं मारलं होतं?"

तो काहीतरी तापून बोलणार होता. पण दाराला हात लागला आणि हाताला सवयीने कळलं की ती दाराला टेकूनच उभी आहे. तो खाली वाकला. जिन्यावरच्या चारही घरांची दारं किलकिली झाली होती.

"चुकलं माझं," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "जरा मोठ्याने बोला."