आप्पांचा पोकळ केक

आप्पा ओवरसियर ताटातला भातसुद्धा ठोकून बसवत. वाढलेल्या भाताच्या मुदीवर वाटीच्या बुडाने दोनदा दाब द्यायचा, बाजू सारख्या करायच्या आणि मगच वरण घालायचं. भात सैल राहिला तर वरण आत मुरतं आणि ताट खचतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ताट खचलेलं मी अजून पाहिलेलं नाही, पण आप्पांनी अनेक गोष्टी खचण्याआधीच ओळखल्या होत्या.

मुलांनो, तुम्ही दूर परदेशात राहता. तिथे बटण दाबलं की भट्टी तापते आणि केक आपोआप फुगतो. म्हणून आमच्या महाडला पहिला चॉकलेटचा केक कसा झाला, ते तुम्हाला क्रमाने सांगते.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन महाडला आले होते. मॅट्रिक झालेली सून म्हणून आळीत माझी थोडी चर्चा होती. आप्पा आणि माई आमच्या शेजारी राहत. आप्पांची सारी नोकरी आंबेनळीच्या घाटात, रस्त्याच्या कामावर गेली होती. निवृत्त होऊन घरी आले तरी हातातली काठी सुटली नव्हती. चालता चालता ते ती जमिनीवर आपटत आणि कान देत. आवाज घुमला की म्हणत, "पोकळ." हा शब्द त्यांना पुढे सगळीकडे पुरला. भिंत पोकळ, फणस पोकळ, गावात येऊन गेलेले व्याख्याते पोकळ. माझं इंग्रजी त्यांनी एकदा पारखून घेतलं आणि काहीच बोलले नाहीत. तो मला मिळालेला मोठा मान होता, असं माईंनी मला मागाहून सांगितलं.

त्या वर्षी पावसाळ्यात माईंना ताप आला. ताप गेला, पण तोंडाची चव घेऊन गेला. दात आधीच गेले होते. पेज दोन घोट घेत आणि वाटी बाजूला सारत. सगळं मातीसारखं लागतं, म्हणत. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. वैद्यांनी सांगितलं, औषधाचं मी बघतो, पण पोटात काही गेलं नाही तर माझ्या हातात काही नाही. आप्पा ऐकून घरात गेले नाहीत. अंगणातल्या तुळशीची माती ठोकत बसले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुंबईला कामाला असलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून कोकोचा डबा मागवला. डबा आला तसा तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, यावर काय लिहिलंय ते वाच. महाबळेश्वरला साहेबाच्या बंगल्यावर केक खाल्ला होता मी. साहेबाच्या खानसाम्याला जमतं, ते मला का जमू नये?"

माईंचं नावसुद्धा काढलं नाही. आळीला वाटलं, म्हाताऱ्याला नवं खूळ लागलं. आमच्या सासूबाईंनी मला वाचायला जाण्याची परवानगी दिली. अंड्याला हात लावायची मात्र दिली नाही.

कृती डब्यावर छापलेली होती. लोणी, साखर, मैदा, सोडा, कोको, आणि खूप फेसलेली अंडी. भट्टी नव्हती, पण तो प्रश्न आप्पांनी चुटकीसरशी सोडवला. काकडीचं गोड धोंडस आपण भाजतो तसं करायचं, पातेल्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे. अंडी फेटायला ताकाची रवी घेतली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी पीठ पातेल्यात ओतलं, रस्त्याची पातळी बघायची पाणसळ आणून पातेल्यावर आडवी धरली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत पातेल्याखाली खापऱ्या सरकवल्या. आणि मग फडक्यात गुंडाळलेली मुसळी घेऊन ते पीठ ठोकायला लागले.

मी म्हटलं, "आप्पा, हे डब्यावर नाही."

"डबा कारखान्यात लिहिलाय," ते म्हणाले. "रस्ता मी केलाय. आत हवा राहिली की पहिल्या पावसात खड्डा."

तो केक झाला तेव्हा त्यांनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. खणखणीत आवाज आला. आप्पांचा चेहरा उजळला. "जराही पोकळ नाही," असं म्हणत त्यांनी एक तुकडा माईंच्या अंथरुणापाशी नेऊन ठेवला. माईंनी तो हिरड्यांमध्ये धरला, इकडून तिकडे फिरवला आणि पुन्हा वाटीत ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "यावरून बैलगाडी जाईल. माझ्या हिरड्या नाही जायच्या."

उरलेला केक सासूबाईंनी जात्याच्या खुंट्याला पाचर म्हणून मागून घेतला. अंड्याचा आहे हे आठवताच परत पाठवला.

आप्पा खचणाऱ्यांतले नव्हते. विस्तव कमी पडला, असं त्यांनी ठरवलं. तुडीलहून अंडी घेऊन येणारी भागी पुन्हा टोपली घेऊन आली, तेव्हा ओटीवरूनच माईंना म्हणाली, "माज्या कोंबड्या दमल्या गो माई, पन आप्पांचा रस्ता काय संपत नाय." माई हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या. आप्पांनी ते पाहिलं आणि भागीकडून सगळी टोपली घेतली.

दुसऱ्या वेळी मी पीठ ठोकू दिलं नाही. पण अर्ध्यावर त्यांनी निखाऱ्यांसकट झाकण उचललं. केक मध्यभागी छान वर आला होता. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. रस्ता फुगला म्हणजे खाली पाणी साठलं, हे त्यांच्या हाडांत भिनलं होतं. मी अडवीपर्यंत त्यांनी पळीच्या पाठीने तो फुगवटा दाबून सपाट केला. झाकणावरची राखही आत पडली.

"आप्पा, तो फुगायलाच हवा होता."

"सूनबाई, फुगलेलं काही टिकत नाही."

तेव्हा मात्र मी त्यांना नीट बसवून सांगितलं. याला स्पंज केक म्हणतात. स्पंज म्हणजे समुद्रात मिळणारी एक वस्तू, साहेब लोक अंग घासायला वापरतात. ती सगळी भोकांचीच असते. केकही तसाच हवा, आत सगळीकडे बारीक बारीक खड्डे आणि खड्ड्यांत हवा. ती हवा असते म्हणून तो मऊ लागतो. आपण ठोकतो तेव्हा नेमकी तीच काढून टाकतो.

उभा जन्म खड्डे बुजवण्यात घालवलेल्या माणसाला मी खड्डे पाडायला सांगत होते. आप्पा उठून गेले. पुढे काही दिवस काठीचा आवाजही ऐकू आला नाही.

मी माईंना पेज भरवायला जाई. एकदा विचारलं, हे एवढे हट्टाला का पेटलेत? माई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी कधी काही मागितलं नाही गं त्यांच्याकडे. ते तिकडे घाटात, मी इकडे पोरं घेऊन. एकदा साहेबाच्या मडमेने त्यांना केकचा तुकडा दिला. स्वतः अर्धा खाल्ला आणि अर्धा माझ्यासाठी रुमालात बांधून आणला. आंबेनळी उतरून पोलादपूर, पोलादपूरहून महाड. घरी आला तोवर नुसता चुरा. आणि रुमाल त्यांच्या तपकिरीचा. मी सगळा खाल्ला, रुमालसुद्धा झटकून खाल्ला. 'फार चांगला लागतो,' म्हटलं. खरं सांगू? तपकिरीशिवाय काही लागलं नाही. पण त्यांना ते आजवर सांगितलेलं नाही."

त्याच संध्याकाळी आप्पा आमच्या दारात आले. म्हणाले, "खड्डे केवढे हवेत?"

"मोहरीएवढे," मी म्हटलं.

"बरं." आणि थोडं थांबून, "उद्या सकाळी ये. मी उठलो तर मला खाली बसव."

सकाळी त्यांनी अंडी इतकी फेटली की रवीची दोरी तुटली. पीठ ओतलं आणि पातेल्याला बोटसुद्धा लावलं नाही. झाकण ठेवून वर निखारे रचले, चुलीपुढे पाट घेतला आणि स्वतःचे दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून त्यावर बसले. असा बसलेला ओवरसियर मी पुन्हा पाहिला नाही. वास सुटला. त्यांचे खांदे हलायला लागले. एकदा ते अर्धवट उठलेही. मी काही म्हणणार, इतक्यात आतल्या खोलीतून माईंचा आवाज आला.

"बसा. रस्ता नाहीये तो."

आप्पा बसले.

केक एका बाजूला कलला होता आणि त्या अंगाने थोडा करपलाही होता. पाणसळ लावली असती तर बुडबुडा पार टोकाला गेला असता. आप्पांनी ती आणलीच नाही. सवयीने बोटाचं पेर मात्र टेकवलं. आवाज आला नाही, पेर आत रुतलं आणि केक पुन्हा वर आला.

"पोकळ आहे," आप्पा हळूच म्हणाले. मुलगा झाला म्हणून बाहेर येऊन सांगावं, तसं म्हणाले.

त्यांनी तुकडा कापला, उजेडाकडे धरून आतले खड्डे पाहिले आणि तो माईंपुढे ठेवला. स्वतः मात्र उंबऱ्यातच उभे राहिले. माईंनी एक घास घेतला. हिरड्यांना काम पडलं नाही. मग दुसरा घेतला. मग बशीतला चुरा बोटाने टिपला. कितीतरी दिवसांनी मी त्यांच्या घशातून काही खाली उतरताना पाहत होते.

"त्या वेळच्यासारखा झालाय?" आप्पांनी विचारलं.

माईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "अगदी तस्साच," त्या म्हणाल्या.

आप्पांनी मान हलवली. खिशातून तपकिरीचा रुमाल काढून पाटावर पसरला आणि उरलेला केक त्यात बांधू लागले. उद्याला होईल, असं काहीतरी पुटपुटत होते.

माई म्हणाल्या, "रुमालात कशाला बांधताय? मी समोरच आहे ना आता."

आप्पांनी केक रुमालातून काढून पुन्हा पातेल्यात ठेवला. मग त्यांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि माईंसाठी आणखी एक तुकडा कापला.