शंभरातली सतरावी गाडी

नवनीतने जाहीर करून टाकलं होतं, की ट्रॅक्टरच्या धंद्यातला हा आपला शेवटचा महिना! पुढच्या महिन्यात सुरत. स्वतःचं गाड्यांचं शोरूम, काचेचा दरवाजा, गारेगार एसी, आणि टायरला लाथ मारून भाव पाडणारं गिऱ्हाईक औषधालाही नाही!

नंदुरबारात त्याच्या वडिलांचं, रतिलाल आप्पांचं, जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीचं आवार होतं. आप्पांचा हातगुण असा, की शेतात गंजून पडलेला ट्रॅक्टर आणा, आठ दिवसांत मालकाला ओळखू येणार नाही. पण आवारात शब्द चालायचा तो आप्पांचाच. नवनीत चाळिशीला टेकला, तरी गिऱ्हाइकासमोर त्याने तोंड उघडलं की आप्पा म्हणायचे, "तू थांब रे जरा." या 'थांब'ला तो पुरता विटला होता.

मग कोरीट गावचं शेत रस्त्यात गेलं आणि सरकारी मोबदला आला. ते पैसे गाडीत घालू द्या, नाहीतर जेवण सोडतो, अशी नवनीतने धमकी दिली. आई दगूबाई विरघळल्या, आप्पांनी सही केली आणि आवारात एक बिनचमकीच्या खास राखाडी रंगाची इटालियन स्पोर्ट्‌स कार येऊन उभी राहिली. कंपनीने अशा शंभरच गाड्या काढल्या होत्या. सुरतच्या कुणा हिरेवाल्याने बुकिंग सोडलं आणि ते नवनीतने उचललं.

"शोरूमवालानी किमतना वर पैसा कसाना लिना?" आप्पांनी विचारलं.

"तो ऑन शे आप्पा! गाड्या कमी, लेनारा जास्त. त्यानी आपलाकडथून ऑन लिना, आपू पुढलाकडथून डबल लेऊत."

"मंग आते गाडीले करानं काय?"

"काहीच नई! हात लावाना नई, बसानं नई, चालावानी नई. सीटवरनं प्लास्टिकबी काढानं नई. मीटर जितलं कमी, तितला भाव जास्त."

आप्पा गाडीकडे पाहतच राहिले. आयुष्यभर त्यांनी विकायच्या मालाला हात लावूनच भाव आणला होता. "चालावानी नई, त मंग ती गाडी शे का देव्हारा?" ते पुटपुटले. पण मुलाचा फुललेला चेहरा पाहून ते आपल्या ट्रॅक्टरांकडे वळले.

चार दिवसांत सुरतच्या एका शेठचा फोन आला. गाडी जशीच्या तशी असेल, तर मागाल तो ऑन! नवनीतने बायकोला, रुपाला, सांगितलं, "शोरूमले भाड्यानी जागा पाहीच येस!" आणि शेठला घेऊन यायला तो सुरतला निघून गेला. तिथे शेठ तीन दिवस दुसऱ्याच सौद्यात अडकला.

इकडे आप्पा उठल्यासुटल्या गाडीपाशी! पोरगा एवढं मोठं गिऱ्हाईक आणतोय, आणि माल असा? गाडीचा रंग राखेसारखा मळकट, चमक म्हणून नाही! त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "फसाडं मन्हा पोऱ्याले! नुसता प्रायमर मारीसन पाठाडी दिनी!"

लगेच वाहरू पेंटरला बोलावणं गेलं. वाहरूने गाडीभोवती चक्कर मारून विचारलं, "आप्पा, कोनता मारू?"

"आपला लाल. दोन हात मार. हयगय नको!"

गाडी लालभडक झाली. मग आप्पा आत शिरले. प्लास्टिक टराटरा निघालं, त्या जागी झालरीची मखमली कव्हरं चढली. समोर एक पितळी पट्टी होती, तिच्यावर कोरलेलं: शंभरपैकी सतरा. आप्पा दचकले. "आरे, गिऱ्हाईक म्हनी सोळा जनसनी वापरीसन सोडेल शे!" पट्टी स्क्रू-ड्रायव्हरने उपटली गेली आणि तिथे कुलदेवीचा फोटो चिकटला. मागे मडफ्लॅप, काचेवर 'आईबाबांचा आशीर्वाद'.

राहता राहिली चक्कर. नवी गाडी आली आणि भावकीला बसवलं नाही, तर तोंड कुठे दाखवायचं? पण गाडीत सीटं दोनच! म्हणजे एका वेळी आप्पा आणि एक पाहुणा. भावकी पडली कोरीटची आणि भरभक्कम! आप्पांनी काका नेला, काकू नेली, काकूचा भाऊ नेला. नंदुरबार-कोरीट, कोरीट-नंदुरबार, एसटी काय जाईल अशा फेऱ्या! दगूबाईंचा नंबर शेवटी लागला, तर त्या रुसून बसल्या.

रोज सुरतहून नवनीतचा फोन. "आप्पा, गाडी बरी शे ना?"

"एकदम! तू देखशी, त हरकी जाशी!"

चौथ्या दिवशी नवनीत शेठला घेऊन आवारात उतरला. शेठने चौफेर पाहिलं. "गाडी किधर है?"

आप्पांनी ताडपत्री ओढली. "हाई काय! रंग देखा शेठ, दहा वरीस फिकर नई! आन मीटर देखा, चालेल गाडी शे, उभी राहीसन सडेल नई!"

शेठ वाकला. मीटर पाहिलं, देवीचा फोटो पाहिला, झालर उचलून पाहिली. मग हात जोडले, देवीला की आप्पांना कळलं नाही. "भाई, आ तो ट्रॅक्टर थई गयुं!" म्हणाला, आणि चहाही न घेता गेला.

नवनीत मडफ्लॅपशेजारी मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. "आप्पा, मन्ही सुरत गयी!"

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच काही कळत नव्हतं. "आरे, तुन्हाकरताच करं ना मी. चार दिन पाठ टेकी नई," ते म्हणाले. रुपाने दोघांना पाणी दिलं. कुणाची बाजू घ्यावी, तिला सुचेना.

तेवढ्यात फाटकातून नवापूरचे पोल्ट्रीवाले सुकलालशेठ आत आले. ट्रॅक्टर बघायला आले होते, पण नजर लाल गाडीवर खिळली. "आप्पा, मन्हा पोऱ्याना लगीनमा नवरदेवले हाईच गाडी पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्याचा एक वरबाप त्याच तिथीसाठी गाडी मागायला आला, तिसऱ्या दिवशी आणखी एक. गाडी एक, नवरदेव तीन! आप्पांनी शांतपणे टोपी सरळ केली. "आते ऑन लागी!" म्हणाले.

आता लग्नसराईत नवनीत फेटा बांधून गाडी चालवतो. ताशी तीनशेची गाडी पहिल्या गियरमध्ये बँडमागे सरपटते, आणि बॉनेटवर हात ठेवून आप्पा बाजूने पायी चालतात.

परवा नवापुरात भर वरातीत सुरतच्या त्या शेठचा फोन आला. त्याच्या एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर वरातीचा व्हिडिओ पाहिला होता. "नवनीतभाई, ऐसी लाल तो दुनिया में एक ही है! मुँहमाँगा ऑन दूँगा!"

नवनीतच्या अंगावर काटा आला. सुरत! काचेचा दरवाजा! त्याने काच खाली केली आणि फोन आप्पांकडे धरला, कारण गाडी आप्पांच्या नावावर.

आप्पांनी नीट ऐकून घेतलं. बँडवाल्यांना हात करून थांबवलं आणि म्हणाले, "नवरदेव कोनबी राहो, नई जमाव शेठ! वैशाख फुल शे. तुळशीनं लगीन लागनं, का मंग फोन करा!"