दिघेभावजींचं पथ्य

दिघेभावजी काकडीसुद्धा बत्तीस वेळा चावून खायचे, तेही मोठ्यानं मोजत. तोंडात घास असताना माणूस मोजतो कसा, हे मला आजवर उमगलेलं नाही.

ऐंशी सालाच्या सुमाराला वाशीच्या नव्या वसाहतीत आम्ही शेजारी राहायला आलो. भावजी सकाळी मध-लिंबू प्यायचे, तीनदा जिना चढायचे-उतरायचे, ऑफिसच्या डब्यात काकडी न्यायचे. कुणी वडा पुढे केला की हात जोडायचे. "आपलं पथ्य म्हणजे पथ्य, वहिनी!" आणि वजन? वाढतंच. "खाडीची हवा बाधते," म्हणायचे.

हवा कसली! भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं. त्यांची बायको सुलभा विचारायची, "अजून एक वाढू?" की हे, "वाढ की!" सात-आठ पोळ्या सहज व्हायच्या.

डॉक्टरांनी बजावलं, हृदयावर ताण आलाय, दोन पोळ्यांवर थांबा. हे भावजींनीच मला सांगितलं, वर हसले. माझं डोकं सणकलं. मी मुळातली फटकळ. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेल्यावर सुलभाला गाठलं. "नवरा हवाय ना तुला? मग दोनच वाढ. त्यांच्या मरणाला तू कारण होऊ नकोस." ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, अबोलच आहे बाई.

संध्याकाळी भावजी दारात उभे. चेहरा पार उतरलेला.

"काय बोललात तिला, वहिनी? दोन पोळ्या ताटात ठेवून आत जाऊन पडलीय."

"तुमच्या भल्याचंच बोलले."

"इथं येण्याआधी आमचा मुलगा गेला, तेव्हा महिनाभर उठली नव्हती ती. मग एकदा मला वाढायला म्हणून उठली. दिवसभरात तेवढंच बोलते हो, अजून एक वाढू म्हणून. मी नको कसं म्हणू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तशीच त्यांच्या घरात गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. म्हटलं, "सुलभा, मला भूक लागलीय गं."

बऱ्याच वेळानं ती उठली. मुकाट्यानं वाढत राहिली. त्यानंतर आठ दिवस मी घरी जेवून पुन्हा तिच्याकडे जेवले. भावजी दोन पोळ्यांवर थांबायचे, मी पुढे खात राहायचे. ती अक्षर बोलत नव्हती.

नवव्या दिवशी माझ्या ताटात पोळी टाकता टाकता ती म्हणाली, "तुम्ही फार खाता हो, वहिनी."

भावजींनी हातातला घास खाली ठेवला आणि लहान मुलासारखे रडायला लागले.