मांजर खोटं बोलत नाही

शिंप्याच्या दुकानातून शिलाई मशीन गेलं आणि चोर कोण, हे सकाळच्या चहाआधीच अख्ख्या गल्लीला कळलं. कुलूप शाबूत होतं, दुसरी किल्ली मेव्हण्याकडे होती आणि हा मेव्हणा आयतं खाण्यात पटाईत होता. किल्ली केव्हाच हरवली, वर्षभरात दुकानाची पायरी चढलो नाही, असं तो शपथेवर सांगत होता. मशीन गेलं म्हणजे शिंप्याचे हातच गेले. पण तपास आला इन्स्पेक्टरसाहेबांकडे आणि साहेब नुकतेच प्रशिक्षण घेऊन परतले होते. उथळ पाण्याला खळखळाट फार.

साहेबांना फरशीवर मांजराचे केस सापडले. मेव्हण्याकडे मांजर होतं. त्याच्या घराची झडती घ्या, असं शिंपी काकुळतीनं म्हणाला, तर साहेब हसले. झडती म्हणे अडाण्यांचं काम, आता डीएनए बोलणार. मग गल्लीतली सगळी मांजरं धरून आणली. हवालदाराचे हात ओरबाडून निघाले. नमुना घेताना जनावराला काही होत नाही, हे पत्रकारांना दाखवायला साहेबांनी स्वतःचं लाडकं मांजर मांडीवर घेऊन फोटो काढून घेतले. हवालदारानं तोही नमुना इमानेइतबारे प्रयोगशाळेत धाडला.

"मांजर खोटं बोलत नाही," साहेबांनी पत्रकारांना ठणकावलं.

अहवाल यायला महिने लागले. तोवर शिंपी हातानं काजं करत बसला. शेवटी साहेबांनी वरिष्ठांनाही बोलावलं आणि ऐटीत अहवाल वाचला. केस दोन मांजरांचे होते. एक मेव्हण्याचं. शिंप्याचा जीव भांड्यात पडला. दुसरं साहेबांचं. पँट ढिली करायला टाकली होती, तिला चिकटून ते केस दुकानात आले होते.

वरिष्ठांनी चष्म्यावरून पाहिलं.

"केस काय, वाऱ्यानंही उडत येतो," साहेब घाईघाईनं म्हणाले. "त्यावरून कुणाला चोर ठरवायचं का?"

मेव्हण्यानं हात जोडले. "साहेब, एवढं लेखी द्या."

वरिष्ठांसमोर नाही कसं म्हणणार? साहेबांनी सहीनिशी दिलं.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याच्या घरातून मशीनची खडखड येऊ लागली. शिंपी धावत चौकीत गेला.

"नुसत्या आवाजावरून?" साहेब म्हणाले. "मास्तर, काहीतरी शास्त्रीय आणा."