बाबल, तात्यांचा पखवाज आणि माझी कणीक

मी एकदा पखवाजाच्या कणकेत तेल घातलं.

ज्यांना यात काही वावगं दिसलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भजनाआधी ओली कणीक थापतात. तो घुमतो तो तिच्यामुळे. कणीक म्हणजे नुसतं पीठ आणि पाणी. हे आमच्या तोंडवलीत सगळ्यांना ठाऊक, मला सोडून. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलं होतं आणि अक्कल वाटेतच कुठेतरी थांबली होती. त्यात मी कोल्हापूरला बहिणीकडे चार महिने राहून चपात्या शिकून आलेली. वाडीतल्या बाकीच्या बाया तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, आणि मऊ चपाती काय ती माझीच, या तोऱ्यात मी चालायचे.

पण ही गोष्ट माझ्या तोऱ्याची नाही, बाबलची आहे.

बाबल माझा धाकटा दीर. खाडीत पाग टाकून मासे मारायचा आणि उरलेल्या वेळात दिसेल ती वस्तू वाजवून बघायचा. फणस, नारळ, पाण्याचं पिंप, दवाखान्यातलं टेबल. मी लग्न होऊन आले त्या दिवशी माहेरच्या कपाटावर त्याने दोन बोटं मारली आणि भर मांडवात जाहीर केलं, "वयनी, पाठची फळी पातळ आसा गो!" होतीच पातळ. बापाने फसवलेलं दिराने उघडं केलं.

एकदा त्याला मुलगी दाखवायला नेलं. मुलगी पोहे घेऊन बाहेर येईपर्यंत याने कोपऱ्यातली पितळी कळशी वाजवली. "बुडाक बारीक चीर आसा," म्हणाला. मुलीची आई म्हणाली, "तुम्ही मुलगी बघूक इलास की भांडी?" लग्न तिथेच मोडलं. परतताना मी चिडले, तर हा म्हणतो, "पण चीर होती, वयनी."

जन्मभर त्याने एकाच माणसाची भक्ती केली. वैभववाडीकडचे तात्या, पखवाज वाजवायचे. आधी कॅसेट होत्या, मग मोबाइलमधलं कार्ड. लोक भजन ऐकायचे बुवांसाठी. बाबलला बुवांचा राग यायचा. "ह्यो मधी मधी कित्याक आराडता? तात्यांका वाजवूक दी मरे!" तात्यांना प्रत्यक्ष ऐकायला तो तीनदा गेला. एकदा तात्यांना ताप, एकदा भजनच रद्द. तिसऱ्या वेळी देवळाच्या पायरीपर्यंत पोचून परत आला.

"का रे?"

"तेनी इचारल्यानी, कोण तू, तर काय सांगू?"

मग त्याचा उजवा कान गेला. कणकवलीच्या डॉक्टरांनी डावा तपासून सांगितलं की हाही जाईल, कधी ते सांगता येत नाही. बाबल घरी येऊन पडवीत बसला. त्या दिवशी त्याने काहीच वाजवलं नाही. मला म्हणाला, "वयनी, एकदा तात्यांका ऐकलंय की झाला. मगे जावंदे कान."

त्या वर्षीच्या सप्त्याला गावकऱ्यांनी खरोखरच तात्यांच्या मंडळींना बोलावलं. भजन दुपारचं. बाबलने सकाळी दोनदा आंघोळ केली. तात्यांसाठी वाजवून वाजवून चार शहाळी निवडली आणि शेवटी लाजून ती माझ्याच हाती दिली. मी प्रसादाच्या स्वयंपाकात होते. देवळातून कुणीतरी हाक मारली, "वायच कणीक मळून द्या, पखवाजाक!"

आता माझ्यासारखी सुगरण नुसतं पीठ-पाणी देईल? पाहुणे एवढ्या लांबून आलेले. मी चांगलं पळीभर तेल ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि लोण्यासारखा गोळा मळून पाठवला.

बाबल सगळ्यांत पुढे बसला होता, चांगला कान पखवाजाकडे वळवून. त्यामुळे देवाकडे पाठ झाली. पुजारी ओरडले, "बाबल, देवाकडे तोंड कर!" हा म्हणाला, "देव खंय वाजयता?"

भजन सुरू झालं. टाळ आणि बुवा अशा जोरात होते की कुणाला काही वेगळं जाणवलं नाही. स्वयंपाकाच्या दारातून मी पाहत होते. तात्यांनी कणीक दाबली, हात पुसला, पुन्हा दाबली. बाबल आधी पुढे सरकला. मग कानात बोट घालून त्याने जोरात हलवलं. मग मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही. मी मनात म्हटलं, रंगलाय मेला! शेजारणीलाही दाखवलं.

भजन संपल्यावर तात्या हात धुवायला मागे आले. म्हातारा भला माणूस. हळूच म्हणाले, "बाय, कणकीत तेल घातलास काय गो? तेलान ती धरणा नाय. डावी बाजू बोललीच नाय आज."

माझ्या हातातलं शहाळं तिथेच पडलं. तात्यांची गाडी गेली. मी बाबलला शोधत खाडीवर गेले. तो उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसला होता. होडी वाजवत नव्हता.

"गेलो कान, वयनी," तो म्हणाला. "बुवा ऐकाक येय होतो, टाळ ऐकाक येय होते. तात्यांची डावी बाजू कायच ऐकाक येवक नाय. समोर बसान."

मी त्याला सगळं सांगितलं. तेल, मीठ, माझा शहाणपणा, तात्या काय म्हणाले ते. रडत रडत दोनदा सांगितलं. जन्मात इतकं खरं मी कधी बोलले नव्हते. तो माझ्याकडे हसून बघत राहिला, लहान पोरीकडे बघावं तसा.

त्यानंतर वर्षभर त्याचा तो कान शाबूत होता. मला माहीत आहे, कारण मी मागल्या दारी पुटपुटलेलंही त्याला ऐकू जायचं. पण तात्यांचं कार्ड त्याने पुन्हा लावलं नाही. मी लावलं तर उठून जायचा. मग कान खरोखरच गेला.

त्या संध्याकाळी खाडीवर माझं सांगून झाल्यावर तो उठला, लुंगीची वाळू झाडली आणि म्हणाला, "माका बरा वाटूचा म्हणान तू आपल्यार घेतलंस, वयनी. कोण घेता असा? पण आता उद्यापासून माझ्यावांगडा मोठ्यान बोल हां. लोक म्हणतले वयनी दिराबरोबर भांडता. म्हणांदेत."