अकरा फायली

आठ दिवस भिंगरी डाव्या हातानं लिहीत होती आणि आईला वाटत होतं, पोरीचा काहीतरी खेळ चाललाय. नवव्या दिवशी वहीतल्या ओळी पालीसारख्या तिरक्या पळताना दिसल्या, तेव्हा आईनं शिलाई मशीन थांबवलं.

"उजवा हात मोडलाय का गं?"

"नाही. बाई म्हणतात, माझ्या योजनेत डावा आहे."

भिंगरीचं डोकं तल्लख, पाढे तोंडपाठ, पण कागदावरची अक्षरं तिच्यासमोर जागा बदलत. म्हणून शाळेनं खास तिच्यासाठी शिकवण्याची वेगळी योजना केली होती. शुक्रवारी परीक्षा. नापास झाली की खालच्या वर्गात, हातभर लहान पोरांमध्ये बसायचं. त्या धास्तीनं पोरीनं डावा हातही निमूट पत्करला होता.

गळ्यातली टेप काढायचंही भान न राहता आई शाळेत पोचली. वर्गाच्या बाई मैदानात धापा टाकत होत्या. मागे अकरा मुलांची रांग, शेवटी भिंगरी.

"ही कसली वरात?"

"योजनेत आहे. दर अर्ध्या तासानं एक फेरी."

"अकराही जणांच्या?"

"अकराही." बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. मैदानात त्यांच्या पावलांनी गुडघाभर खोल चर पडला होता. वळणावर तर बाईंचं फक्त डोकं दिसत होतं.

कार्यालयात मुख्याध्यापक मात्र खुशीत होते. "ताई, आमच्याकडे प्रत्येक मुलाचा वेगळा विचार होतो. अकरा मुलं, अकरा फायली."

आईनं अकराही फायली टेबलावर उघडून मांडल्या. अकराही मुलं डावखुरी. अकराही जणांना अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. अकराही जणांना ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं.

"म्हणून माझ्या पोरीच्या कानाशी ओरडताय होय? तरीच ती घरी आली की कान चोळते."

"योगायोग असेल."

आईनं एका फायलीवरच्या नावाखालचा पांढरा रंग नखानं खरवडला. खाली दुसरं नाव. त्याखाली तिसरं. सातव्या थराला कारकून हातातलं रजिस्टर घेऊन वाकला.

"हे माझं नाव. मी इथंच शिकलो ना."

"म्हणजे डावखुरे तुम्ही," मुख्याध्यापकांना हायसं वाटलं.

"छे. पण दोन वर्षं लिहिलं डाव्यानं. अजून सही वाकडी येते. खरवडा की, माझ्या खालीही कुणीतरी असेल."

आईचा आवाज बाहेरच्या मैदानापर्यंत गेला. "सर, मी एका मापाचे अकरा झगे शिवले, तर गिऱ्हाइकं मला माझ्याच मशीनला बांधतील. तुम्ही पोरं शिकवता की छापता? त्या लेकराला एकदा तरी विचारलंत, बाई गं, तुला अडतं कुठं?"

"तुम्हीच लिहून द्या मग, काय हवं ते," मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले.

आईनं मापाच्या वहीतलं पान फाडलं. प्रश्न वाचून दाखवा. उत्तरं तोंडी घ्या. घाई करू नका. खाली सही ठोकली: भिंगरीची आई, शिवणकाम.

शुक्रवारी बाईंनी प्रश्न वाचले आणि भिंगरीनं धडाधड उत्तरं दिली. वर्गात दुसरी आली. शनिवारी ती उजव्या हातानं जेवली आणि काही सांडलं नाही.

सोमवारी आई शाळेत गेली. राग अजून होताच, पण दोन शब्द बरे बोलावेत असं तिला वाटलं होतं. मुख्याध्यापकांच्या दाराशी बाकावर एक हमाल बसला होता, बाक झाकून जाईल एवढा.

"तुमचं काय काम?" आईनं विचारलं.

"पोराची जीभ अडखळते हो माझ्या. लिहायला एक नंबर. शुक्रवारी तोंडी परीक्षा घेतली त्याची. एका उत्तरात तास गेला, नापास केला. म्हणे योजनेत आहे. बाकीच्या दहाही पोरांच्या आहे." त्यानं मुठीतला चुरगळलेला कागद मांडीवर सरळ केला. "खाली सही आहे बघा. कुणी शिवणकामवाली आहे. ती बाई एकदा सापडू दे मला."

आईनं गळ्यातली टेप हळूच ओढून पिशवीत टाकली आणि न विचारता मुख्याध्यापकांचं दार ढकललं.