तायडे सरांचा टमाटा

जठारपेठेतल्या आमच्या इमारतीत कुणी अगरबत्ती लावली की तिसऱ्या मजल्यावरून तायडे सर खाली येतात आणि ती विझवायला लावतात. देवाशी त्यांचं भांडण नाही. "त्या वासात माह्या टमाट्याचा आवाज दबते," एवढंच म्हणणं.

सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. पत्नी वारल्या, मुलगी पुण्यात. आता गच्चीवर टमाट्याच्या कुंड्या आणि खाली आम्ही. अळीनं पान कुरतडलं की झाड वेगळाच वास सोडतं. त्या वासाच्या मागावर डासाहून बारीक गांधीलमाशी येते, अळीच्या अंगात अंडी घालते आणि पिल्लं अळीला आतून खातात. हे त्यांनी मला जिन्यात, किराणा दुकानात आणि एकदा माझ्या मेहुण्याच्या साखरपुड्यात, ऐन पंगतीत सांगितलं. शेवट ठरलेला : "हाक मारली का कोनी तं येतेच."

रविवारी त्यांचं दार दिवसभर सताड उघडं असतं. हवेसाठी, असा आमचा समज.

माशी मात्र कुणाला दिसेना. अळ्या वाढल्या, तशी इमारतीच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली. बिऱ्हाडं सात, पण अध्यक्ष 'सन्माननीय' आहेत. त्यांनी फवारणीचा ठराव मांडला.

"मारा फवारा," सर म्हणाले. "अन् माशी आली तं तिले काय सांगू? घरी बोलावून मारलं म्हनून?"

हा मुद्दा नियमावलीत नव्हता. अध्यक्षांनी रविवारपर्यंत मुदत दिली.

रविवारी सकाळी जिन्यात ठेच्याचा असा खकाणा उठला की सन्माननीयही खोकत बाहेर आले. आमची अगरबत्ती चालत नाही आणि यांच्या मिरच्या चालतात! मी तावातावानं वर गेलो.

"सर, आता नाही का दबत टमाट्याचा आवाज?"

"त्याचं काम झालं," म्हणत त्यांनी एक पान माझ्यापुढे धरलं. त्यावर मेलेली अळी आणि तिला चिकटलेले पांढरे बारीक कोष. "माशी कवाचीच येऊन गेली. आपल्यालेच दिसली नाई. सांगा तुमच्या अध्यक्षाले."

मी भांडण विसरलो. मग टेबलाकडे लक्ष गेलं. गरम भाकरी, ठेचा, चिरलेला कांदा, आणि दोन ताटं.

"कुणी येणार आहे का?" मी विचारलं.

सरांनी दुसरं ताट माझ्याकडे सरकवलं.

"काहून एवढा उशीर केला?"